न्यायालयच का, 'कायदालय' का नाही?

प्रश्न असा आहे की कोर्टात सगळं कायद्याच्या कलमांवर चालतं, मग नाव 'न्यायालय' कसं काय, आणि न्याय नि कायदा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर बिघडलं कुठे. माझ्या मते बिघडतं, आणि ते कळायला डिक्शनरी उघडायचीपण गरज नाही, दोन्ही शब्दांना आपण कुठली क्रियापदं जोडतो तेवढं बघा. कायदा करतात, पाळतात, मोडतात, हातात घेतात, रद्दसुद्धा करतात. न्याय मागतात, देतात, तो मिळतो किंवा मिळत नाही. 'न्याय रद्द केला' असं कुणी बोलताना ऐकलंय?

विरुद्धार्थी शब्द घेतले की फरक अजून उघडा पडतो. रिकाम्या रस्त्यावर सिग्नल तोडला तर ते बेकायदेशीर झालं, पण त्याला अन्याय कुणी म्हणणार नाही, कारण अन्याय म्हटलं की तो कुणावर तरी व्हावा लागतो, ते 'वर' आल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही.

आता मूळ. कायदा अरबी 'काइदा'वरून आलाय, म्हणजे पाया, बैठक, आणि त्यातला धातू बसणे या अर्थाचा. न्याय म्हणजे नि + इ, यातला 'इ' म्हणजे जाणे. व्याकरणकार पाणिनीने (अष्टाध्यायी ३.३.३७) हा शब्द 'अभ्रेष' या अर्थी सिद्ध केलाय, म्हणजे योग्य वाटेवरून न ढळणं. एक शब्द बसलेला, दुसरा चालणारा, हे मला फार आवडतं. जुन्या कागदपत्रांतला 'इन्साफ'पण यात घ्यायला हवा, तो 'निस्फ' म्हणजे अर्धा याच्याशी जोडलेला, दोघांना सारखं वाटून देणं.

एक सावधगिरी मात्र हवी. 'ज्या न्यायाने', काकतालीय न्याय (म्हणजे निव्वळ योगायोग), मात्स्यन्याय यातला न्याय म्हणजे रीत किंवा दाखला. मात्स्यन्यायात मोठा मासा लहान्याला गिळतो, तिथे इन्साफ शोधायला जाऊ नका.

दोन्ही शब्द समोरासमोर कुठे येतात ते सांगतो. समजा तुम्ही कुणाला हातउसने पैसे दिले, चिठ्ठी आहे, सही आहे, पण नात्याखातर गप्प बसलात आणि कायद्याने दावा लावायला दिलेली मुदत उलटल्यावर दावा लावला, तर तो मुदतबाह्य म्हणून फेटाळला जाऊ शकतो. देणं खरं असूनही. निकाल कायदेशीर आहे, पण घरी येऊन तुम्ही म्हणणार 'निकाल लागला, न्याय नाही मिळाला' आणि भाषेच्या दृष्टीने ते शंभर टक्के बरोबर आहे. मुदतीचा नियम मूर्खपणाचा आहे असं मात्र नाही, साक्षीदार विसरतात, कागद गहाळ होतात, वीस वर्षांनी कुणी दारात उभं राहिलं तर समोरच्याने पुरावा कुठून आणायचा, म्हणजे तो नियमही न्यायासाठीच केलेला आहे, फक्त या एका माणसाला तो नडला.

म्हणून मला 'न्यायालय' हेच नाव योग्य वाटतं, माणूस तिथे जे मागायला जातो त्याचं नाव दारावर आहे, कायदा हे आतलं साधन.

आणि लिहिताना एवढं सांभाळा: माणूस न्यायी, मागणी न्याय्य, चौकशी न्यायिक. 'न्याय मागणी' असं सर्रास टाइप केलेलं दिसतं, तिथे 'न्याय्य' पाहिजे, दुसरा य खाऊ नका.