जुन्या मोटारसायकलला नवी एक्झॉस्ट सिस्टिम: प्रश्नोत्तरे

प्रश्न: तीस वर्षांची फोरस्ट्रोक गाडी आहे. बेंड पाइपचे (इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या पाइपचे) नट गंजून बसलेत. स्टड मोडेल म्हणून पाना लावायची हिंमत होत नाही.

तुमची भीती रास्त आहे. या कामात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आणि स्टड (हेडमध्ये बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट) पोलादी असतो. वर्षानुवर्षं तापून-निवून दोघांचे आटे एकमेकांना धरून बसतात. अशा वेळी झटका दिला की स्टड हेडच्या तोंडाशीच मोडतो.

आदल्या दिवशी स्टडचे उघडे आटे तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर सुटलेला नट निम्म्या वाटेवर गंजात पुन्हा अडकतो. मग गंज सोडवणारं तेल दर काही तासांनी थोडं थोडं सोडत राहा. दुसऱ्या दिवशी सहा कोनांचाच सॉकेट लावा. बारा कोनांचा सॉकेट झिजलेल्या नटाचे कोपरे खातो. पहिला जोर किंचित आवळायच्या दिशेने द्या. पकड तुटल्याचं हाताला जाणवलं की पाव फेरा सोडा, तेल घाला, थोडा आवळा, पुन्हा सोडा. तरीही नट हलला नाही तर उष्णता द्यावी लागते. त्याआधी टाकी उतरवा आणि सांडलेलं तेल पुसून काढा, कारण ते पेट घेतं.

नटाबरोबर अख्खा स्टड बाहेर आला तर चांगलंच झालं, नवा बसवा. मोडलाच आणि थोडा भाग वर राहिला तर त्यावर नट ठेवून वेल्ड करून घ्या. वेल्डच्या उष्णतेनेच बहुतेक वेळा पकड सुटते. हेडच्या आत मोडला तर मात्र काम लेथवाल्याकडे द्या. घरच्या घरी स्क्रू एक्स्ट्रॅक्टर (मोडलेला स्टड बाहेर काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) वापरायला जाऊ नका. त्याचं पोलाद अतिशय कडक असतं. तो आत तुटला तर साध्या ड्रिलने कापला जात नाही आणि हेड वाचवणं अवघड होतं. नुसते आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारं तारेचं वेटोळं) बसवता येतं. बसवताना पितळी नट वापरा, ते पुढच्या वेळीही सुटतात.

प्रश्न: नवा सायलेन्सर बसवल्यापासून मागचं ब्रॅकेट दोनदा तुटलं. ब्रॅकेट जाड करू का?

नको. जाड ब्रॅकेट टिकेल, पण मग ताण पुढे जाऊन बेंड पाइपला चीर पडेल. तुमचा सायलेन्सर ओढूनताणून बसवलेला दिसतो. सगळे बोल्ट सोडा आणि क्रमाने सुरुवात करा.

आधी हेडच्या पोर्टमध्ये, म्हणजे पाइप बसतो त्या भोकात, टॉर्च मारून पाहा. जुनी तांब्याची रिंग काजळीखाली इतकी बेमालूम चिकटते की ती हेडचाच भाग वाटते. टोच्याने ती काढा. जुन्या रिंगवर नवी बसवली तर पाइप सरळ बसत नाही आणि गळतीही होते. रिंग दाबली जाऊन सील करते, म्हणून दर वेळी नवीच हवी. नव्या रिंगला ग्रीसचा ठिपका लावला की पाइप चढवताना ती पडत नाही.

आता बेंड पाइप पोर्टमध्ये घालून नट नुसते बोटांनी लावा. सायलेन्सर सरकवा, क्लॅम्प ढिला ठेवा, मागचा बोल्टही ढिलाच. तो भोकात हाताने जायला हवा. भोकं जुळत नसतील तर पाइप खेचू नका, योग्य जाडीचे वायसर घाला. मूळ जागी रबरी बुश असेल तर तो राहू द्या. इंजिनचा थरथराट तोच पितो. मग पुढून मागे आवळत या: आधी हेडचे नट आलटून पालटून, मग क्लॅम्प, शेवटी ब्रॅकेट. पुस्तकात टॉर्क दिला असेल तर तोच घ्या. नसेल तर ८ मिमी स्टडला सुमारे २० न्यूटन-मीटर आणि ६ मिमीला १० पुरे. गाडी दोन-तीनदा तापून पूर्ण निवली की नट पुन्हा तपासा. रिंग बसते, त्यामुळे ते हमखास थोडे ढिले सापडतात.

प्रश्न: सायलेन्सर माझ्या पाइपवर ढिला बसतो. माप कसं घ्यायचं?

व्हर्नियर नसेल तर पाइपभोवती दोरा गुंडाळा आणि लांबीला ३.१४ ने भागा. दोरा १२० मिमी भरला तर बाहेरचा व्यास साधारण ३८ मिमी. एखाद-दोन मिमी फरक असेल तर पाइप आणि सायलेन्सरच्या मध्ये स्टीलची नळी घाला, पण तिला लांबीत चीर हवी, नाहीतर क्लॅम्प ती आवळू शकत नाही.

प्रश्न: रेस सोडली की फटफट फटाके वाजतात. मोठा जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा) टाकू का?

कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी गळती शोधा. रेस सोडल्यावर मिश्रण नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल पाइपमध्ये जातं. पाइपमधला दाब धडधडीत वर-खाली होत असतो. तो खाली गेला की सांध्याच्या फटीतून ताजी हवा आत ओढली जाते आणि ते पेट्रोल तापलेल्या पाइपमध्ये पेटतं. थंड गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडातून व्हॅक्यूम क्लीनरच्या उलट्या फुंकीने हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसतील तिथे गळती आहे. वापरलेल्या गाडीत सांध्याभोवतीचा काळा काजळीचा पट्टाही तेच सांगतो.

गळती नसेल तर मिश्रण लीन झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. आता कुठल्या रेसला त्रास होतो ते पाहा. पाव रेसच्या खाली पायलट जेट आणि त्याचा स्क्रू, पावपासून पाऊणपर्यंत नीडल (स्लाइडला, म्हणजे रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेला, लावलेली सुई), त्यावर मेन जेट. फटाके रेस सोडताना वाजतात, म्हणून पायलटपासून सुरुवात करा. स्क्रू स्लाइडच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर सोडल्यावर पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर सोडल्यावर हवा वाढते, म्हणजे नेमकं उलट. एका वेळी अर्धा फेराच द्या. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं. मेन जेट एकेक पायरीनेच वाढवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

प्रश्न: 'बॅक प्रेशर' हवंच म्हणतात. मग जाड पाइप वाईट का?

बॅक प्रेशर म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूंना होणारा अडथळा, आणि इंजिनला तो कधीच नको असतो. पण पाइप फार जाड घेतला की वायूंचा वेग घटतो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक झोताच्या मागे दाब कमी होतो आणि तो सिलिंडर रिकामा करायला मदत करतो. वेग घटला की ही ओढ खालच्या आरपीएमला कमी पडते. ताकद गेल्यासारखी वाटते आणि दोष बॅक प्रेशरच्या नावावर जातो. साध्या गाडीला मूळ व्यासाच्या जवळचाच पाइप घ्या.

प्रश्न: टूस्ट्रोकच्या सायलेन्सरची आतली नळी काढून टाकू का?

नाही. टूस्ट्रोकमध्ये चेंबरवरून (पाइपच्या फुगीर भागावरून) परतणारी दाबलहर निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते, आणि शेवटच्या नळीचं भोकही त्या हिशेबात असतं. नळी काढून कार्बन खरवडा, भोकं मोकळी करा आणि तशीच परत बसवा.

प्रश्न: सायलेन्सर बदलल्यावर मधला स्टँड चेनला लागतो.

बऱ्याच जुन्या गाड्यांत स्टँड वर आल्यावर मूळ सायलेन्सरवरच्या रबराला टेकतो. तो टेकू आता उरला नाही. नवा स्टॉपर फ्रेमला लावा, सायलेन्सरला नको. गाडी चालवण्याआधी मागचे शॉक खालून सोडा, चाक पूर्ण वर उचला आणि टायर, स्विंगआर्म, ब्रेक पेडल या सगळ्यांपासून पाइप किमान १० मिमी लांब राहतो का ते पाहा. दोघं बसल्यावर खड्ड्यात तो कुठे लागेल, हे तेव्हाच दिसतं.