रत्नागिरीत नवा फोन का मिळत नाही, आणि आगाऊ रक्कम भरावी का?

नवा महागडा फोन बाजारात येताच मागणी एकदम उसळते; कारखान्यातून माल मात्र हप्त्याहप्त्याने बाहेर पडतो, आणि त्यातला मोठा वाटा आधी महानगरांकडे जातो. ही टंचाई दरवेळी मुद्दाम केली जाते, असे मला वाटत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमधील झेंगझोऊच्या कारखान्यावर कोविडचे निर्बंध आले, तेव्हा आयफोन १४ प्रोसाठी ग्राहकांना जास्त काळ थांबावे लागेल, असे अ‍ॅपलनेच जाहीर केले होते. त्याच सुमारास साध्या आयफोन १४ ला तितकी मागणी नव्हती. म्हणजे टंचाई असते ती ठरावीक मॉडेलची, रंगाची आणि साठवणक्षमतेची.

आपल्याकडे त्यात सणाची भर पडते. २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला गणपती बसले आणि २२ तारखेला आयफोन १५ ची विक्री सुरू झाली. मारुती मंदिर परिसरातल्या एका दुकानदाराच्या वहीत मी स्वतः पाहिले आहे: एकाच रंगापुढे नावांची रांग आणि शेजारच्या रंगाचा रकाना कोरा. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला फोन आणायला सांगणे हा आपला जुना मार्ग आहे, पण बिल कोणाच्या नावावर होते ते पाहावे.

आगाऊ रक्कम भरायचीच असेल, तर मॉडेल, रंग, किंमत आणि परताव्याची मुदत लिहिलेली पावती घेतल्याशिवाय भरू नये. छापील किमतीपेक्षा जास्त तर मुळीच देऊ नये.