धडा तोंडपाठ, पण शब्द वाचता येत नाही

प्रश्न : मी नागपुरातील एका मराठी प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गातील दहा-बारा मुले धडा न अडखळता म्हणतात. परंतु त्यातलाच एखादा शब्द फळ्यावर सुटा लिहिला की गप्प होतात. काही मुले ‘शाळा’ हा शब्द ‘शाया’ असा वाचतात. पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करावी काय?
– एक शिक्षिका

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्यांतली एक दोष नाहीच. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा उच्चार ‘य’ असा होतो. त्यामुळे सुटा लिहिलेला ‘शाळा’ पाहून जे मूल ‘शाया’ म्हणते, त्याने शब्द ओळखला आहे. तो ते फक्त घरच्या उच्चाराने म्हणते. त्याला वाचताना मध्येच अडवू नये. लेखनात मात्र हा फरक शिकवावा लागेल आणि त्यासाठी ‘माळा’ व ‘माया’ अशा जोड्या शेजारी लिहून दाखवणे पुरेसे असते.

खरी अडचण पाठांतराची आहे, आणि बाराखडीने ती सुटेल असे मला वाटत नाही, कारण बाराखडीही सुरात पाठच होते. ‘खु’ विचारला की मूल ‘ख, खा, खि, खी’ असे मोजत तिथवर येते. त्याऐवजी क, न, म, र ही चारच अक्षरे आणि काना घ्या. कान, नाक, मान, काम, मका एवढे शब्द त्यांतूनच होतात. पहिल्या वेलांटीला अधिक वेळ द्या. ‘दिवस’मध्ये ती ‘द’च्या आधी दिसते, पण उच्चारली नंतर जाते आणि पुष्कळ मुले नेमकी तिथे अडखळतात. रफाराचे याच्या उलट आहे : तो पुढच्या अक्षरावर दिसतो, पण उच्चारला त्या अक्षराच्या आधी जातो.

वाचनाचा मजकूर मुलांकडूनच घ्या. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना बोलते करा आणि ‘आमी मारबत पाह्यली’ (मारबत म्हणजे त्या सणाच्या मिरवणुकीतला पुतळा) हे त्यांचे वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहा. प्रमाण रूप नंतर शेजारी लिहिता येते. ‘मारबत’मध्ये कान्याखेरीज एकही चिन्ह नाही, त्याच मिरवणुकीतल्या दुसऱ्या पुतळ्याच्या, ‘बडग्या’च्या नावात मात्र जोडाक्षर आहे, म्हणून तो नंतर. हेही पाठ होण्याचा धोका आहेच. तेव्हा वाक्याच्या पट्ट्या कापून शब्द उलटसुलट मांडा.

रोज एक तास मुलांना हजेरीच्या क्रमाने न बसवता वाचनाच्या पातळीनुसार गटांत बसवा आणि महिन्याने गट बदला. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने समजपूर्वक वाचनासाठी तिसरीचीच मर्यादा धरली आहे, त्यामुळे ही मुले चौथीवर ढकलू नयेत. प्रगती पाहताना पुस्तकातला धडा टाळा. न पाहिलेल्या चार ओळी एकेका मुलाकडून स्वतंत्रपणे वाचून घ्या आणि अडलेले अक्षर वहीत टिपा.