नोंदणी झाली, पण पोरं उघडत नाहीत

प्रश्न : मी कोल्हापूरजवळच्या एका आयटीआयमध्ये टर्नर (लेथ मशीनचं काम) ट्रेडला निदेशक आहे. सगळ्या पोरांची भारत स्किल्सवर (आयटीआयच्या पोरांसाठीचं सरकारी ऑनलाईन पोर्टल) नोंदणी करून घेतली, पण चार-दोन सोडली तर परत कोण उघडतच नाही, युट्यूबवर मात्र तासन् तास असतात. सक्ती करावी काय?
– एक निदेशक, गोकुळ शिरगाव

उत्तर : सर, सक्ती नको. सक्ती केली की पोरं व्हिडिओ चालू करून मोबाईल बाकावर ठेवून देतात, आकडा दिसतो पण डोक्यात काय जात नाही. आणि पोरं ऑनलाईन शिकत नाहीत असं मला अजिबात वाटत नाही, आटे पाडताना अडलं की तीच पोरं युट्यूबवर शोधून काढतात की, कारण तेव्हा गरज असते. भारत स्किल्स फुकट आहे, ट्रेडनुसार पुस्तकं, प्रश्नपेढी, व्हिडिओ सगळं आहे, फक्त ते उद्या वर्कशॉपमध्ये करायच्या जॉबला, म्हणजे कामाच्या तुकड्याला, जोडून कोण देत नाही.

म्हणजे असं करा. उद्या टेपर टर्निंग, म्हणजे जॉब निमुळता कापणं, असेल तर आज संध्याकाळी तेवढाच एक छोटा व्हिडिओ ग्रुपवर टाका, आणि सकाळी लेथपाशी उभं करून विचारा, मोठा व्यास ४०, लहान ३०, लांबी ५० मिमी, तर कंपाउंड रेस्ट (लेथवरचा टूल धरणारा फिरता भाग) किती फिरवणार? व्यासांतला फरक १०, भागिले लांबीची दुप्पट १००, कोनाचा टॅन ०.१ म्हणजे ५ अंश ४३ मिनिटं. ज्यानं बघितलंय तो पटकन सांगतो, बाकीचे त्याच्याकडं बघतात, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिंक कधी येणार म्हणून स्वतःच विचारायला लागतात.

सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला, तर ऑनलाईन सिम्युलेटर फारच कामाचा. जी ०२ (घड्याळाच्या दिशेनं चाप) आणि जी ०३ (उलट्या दिशेनं चाप) या कोडची अदलाबदल झाली तर तिथं फक्त स्क्रीनवर चाप उलटा दिसतो, खऱ्या मशीनवर टूल आणि जॉब दोन्ही जातात. हात बसायला मात्र वर्कशॉपच लागतं, मापाचं वर्नियर धरायचं व्हिडिओ बघून येत नाही, हे शिरोली एमआयडीसीतला कुठलाही सुपरवायझर सांगेल.

थिअरीची परीक्षा कॉम्प्युटरवर, बहुपर्यायी असते, त्यामुळं आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या चेन्नईच्या निमी संस्थेच्या मॉक टेस्ट आठवड्यातनं एकदा लॅबमध्येच बसवून घ्या. माऊस हातात धरायची सवय नसलेली पोरं अजून आहेत आणि येत असलेलं उत्तर घाईत चुकवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मोबाईलचं पण बघा, काहींच्या घरात एकच फोन, भाऊ-बहीण मिळून वापरतात, कुणाच्या गावात रेंज नाही. पुस्तकांच्या पीडीएफ संस्थेतच डाउनलोड करून द्या. आणि बाहेरचे पैसे भरून करायचे कोर्स आत्ताच कुणाच्या गळ्यात मारू नका, आधी फुकटचं वापरून होऊ दे.