परमिट भलत्याच्या नावाचं, सफारी हुकली आणि आता रिसॉर्ट म्हणतंय व्हाउचर घ्या

ताई नमस्कार, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. नाशिकचं कुटुंब, नवरा-बायको, 9 आणि 5 वर्षांची दोन मुलं. नाताळच्या सुट्टीत शुक्रवार ते रविवार ताडोबाजवळच्या लक्झरी टेंटमध्ये दोन रात्री आणि मोहर्ली गेटच्या दोन 'कन्फर्म कोर सफारी' (कोर म्हणजे जंगलाचा आतला, मुख्य भाग) असं 52,000 चं पॅकेज, पैसे आधीच जीपेने मॅनेजरच्या नंबरवर. पहिल्या पहाटे गेटवर कळलं की परमिटवर भलत्याच कुटुंबाची नावं आहेत, आत सोडलं नाही. दुसऱ्या सफारीला कोरऐवजी आगरझरी बफरला, म्हणजे कोरभोवतीच्या बाहेरच्या पट्ट्यात नेलं. पैसे मागितले तर आधी 'नो रिफंड', मग सहा महिन्यांचं व्हाउचर, आणि रिव्ह्यू टाकते म्हटल्यावर अब्रुनुकसानीची धमकी.

सगळ्यात आधी व्हाउचरचं बघा कारण त्याची घाई आहे. त्या मेसेजखाली 'ओके' किंवा 'थँक्यू' असं काहीही लिहू नका, नाहीतर उद्या तेच दाखवून म्हणतील की बाईंनी सेटलमेंट मान्य केली होती. आजच एवढंच टाईप करा: "तुमचं व्हाउचर मला मान्य नाही. ठरलेल्या सफारी मिळालेल्या नाहीत, त्यांचे पैसे परत हवेत. जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल पाठवा." बिल मुद्दाम मागायला सांगतेय, कारण तुम्हाला फक्त जीपेची पावती मिळालीय आणि बिल न देणं हीसुद्धा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

आता तुमची केस कशावर उभी आहे ते नीट समजून घ्या. वाघ दिसला नाही यावर नाही, टेंटचा एसी रात्री बंद पडला यावरही फारशी नाही (ते लिहा, पण शेवटी लिहा). ताडोबात सफारीचं बुकिंग वनविभागाच्या वेबसाईटवर होतं, प्रत्येक माणसाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर टाकावा लागतो आणि गेटवर ते जुळवून बघतात. म्हणजे परमिट तुमच्या नावावर नसेल तर कन्फर्म काहीच नव्हतं, आणि तरी तुम्हाला 'कन्फर्म' म्हणून विकलं गेलं. आदल्या रात्री 11 वाजता मॅनेजरने जो पीडीएफ पाठवला त्यात गेट आणि वेळ दिसते, नावांची जागा कापलेली आहे, आणि माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे. तो चॅट डिलीट होऊ देऊ नका, फोन बदलू नका, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) 63 कलमाखालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट सोबत लावा म्हणजे नंतर 'हे बनावट आहे' असा वाद नको.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. ड्रायव्हरने गेटवर तुम्हाला सांगितलं की कुणी विचारलं तर परमिटवरचंच आडनाव सांगा, आणि तुम्ही मुलांसमोर खोटं बोलायला नाही म्हणालात. मुलगा तिथे रडला, महिनाभर तो ताडोबातल्या वाघांची नावं पाठ करत होता असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मलाही वाईट वाटलं. पण तुम्ही हो म्हणाला असतात तर आज समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार होता की खोटं नाव सांगून आत जायचा प्रयत्न कुणी केला. तुमची बाजू आज स्वच्छ आहे ती त्या एका नकारामुळे.

पुरावा अजून पक्का करायचा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं मुख्य कार्यालय चंद्रपूरला आहे, अर्ज ऑनलाईन जातो, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. फक्त एवढंच विचारा की त्या दोन तारखांना तुमच्या नावाने आणि तुमच्या आधार नंबरने मोहर्ली गेटचं कोणतंही परमिट निघालं होतं का. त्या दुसऱ्या कुटुंबाची नावं-पत्ते मागू नका, ती खाजगी माहिती म्हणून देणार नाहीत आणि आपल्याला लागतही नाही. 'नोंद नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं तरी पुष्कळ झालं.

व्हाउचरवर छापलंय की वाद फक्त नागपूरच्या कोर्टात चालेल, त्याने घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या 34 व्या कलमाप्रमाणे ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करता येते, रिसॉर्टने कागदावर काहीही छापलं तरी तुमचा तो हक्क जात नाही. म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी शून्य, वकील लागतोच असं नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे पण तेवढं थांबू नका, माणसं नोकरी सोडून जातात आणि नंबर बंद पडतात. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करा, मग स्पीड पोस्टने 15 दिवसांची नोटीस पाठवा. नोटीस सक्तीची नाही पण बऱ्याचदा पैसे तिथेच सुटतात. तक्रारीत रिसॉर्ट चालवणारी फर्म आणि मॅनेजर दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, कारण पैसे मॅनेजरच्या खात्यात गेलेत आणि उद्या फर्म म्हणेल आम्हाला काही मिळालंच नाही.

किती मागायचे हे तुम्ही विचारलंय आणि 5 लाखांचा आकडा लिहिलाय. ताई, तो आकडा लिहू नका. दोन रात्री तुम्ही तिथे राहिलात, जेवलात, त्याचे पैसे सरसकट परत मिळणार नाहीत, आणि फुगवलेला आकडा बघून खऱ्या नुकसानीवरचाही विश्वास कमी होतो. पहिल्या सफारीचे पूर्ण पैसे मागा, दुसरीचा कोर आणि बफरमधला फरक मागा. पॅकेजमध्ये सफारीचे पैसे वेगळे दाखवलेले नसतील तर वनविभागाच्या वेबसाईटवरचे दर प्रिंट काढून जोडा. विदर्भ एक्सप्रेसची तिकिटं आणि नागपूरहून केलेल्या टॅक्सीचा काही भाग मागा, मानसिक त्रासाचे वेगळे, तक्रारीचा खर्च वेगळा, आणि रकमेवर व्याज. बफरमध्ये काय पाहण्यासारखं आहे असं मात्र तक्रारीत लिहू नका, आगरझरीलाही वाघ दिसतात. मुद्दा एवढाच की पैसे मोहर्ली कोरचे घेतले आणि दिलं दुसरंच.

वेळेबद्दल खरं सांगते, कायद्यात तीन महिन्यांत निकालाचं म्हटलंय पण प्रत्यक्षात जास्त लागतो. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस आणि फार तर वरचे 15, त्यापुढे मिळत नाहीत, ती तारीख तुम्ही स्वतः लक्षात ठेवा. मध्यस्थीला पाठवलं तर जरूर जा, फक्त रोख परताव्यावरच सही करा.

पोलिसात आज जाऊ नका. माहिती अधिकाराचं उत्तर येऊ दे, परमिटमध्ये फेरफार दिसला तर फसवणुकीची आणि बनावट कागदाची तक्रार तेव्हा जास्त वजनाने देता येईल.

रिव्ह्यू टाका, बिनधास्त टाका. 'चोर', 'फ्रॉड' असे शब्द नकोत, माणसाचं नाव नको. तारीख, किती पैसे दिले, काय ठरलं होतं, गेटवर काय झालं, एवढंच लिहा. दुसऱ्या कुटुंबांनी सावध व्हावं म्हणून खरं आणि पुराव्यासकट लिहिलेल्याला भारतीय न्याय संहितेच्या 356 कलमात अपवाद आहे. आणि ती धमकीसुद्धा व्हॉट्सॲपवरच आलीय ना, तिचाही स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा.