नवं राष्ट्र उभं राहताना होणाऱ्या स्थानिक विरोधाला संस्कृती कसा आकार देते?

विरोध का होतो, यापेक्षा तो कुठल्या रूपात होतो हे संस्कृती जास्त ठरवते, असं मला वाटतं. नागा टेकड्यांचं, म्हणजे आजच्या नागालँडच्या भागाचं, उदाहरण पाहा.

तिथे गाव हेच राज्य होतं. कोन्याक नागांत वंशपरंपरागत 'आंग' म्हणजे प्रमुख असत. पण अंगामी या दुसऱ्या नागा जमातीत असा राजाच नव्हता, निर्णय कुळांच्या चर्चेतून होत. त्यामुळे एखाद्या संस्थानिकाची सही घेऊन विलीनीकरण उरकायची सोय तिथे नव्हती. 1929 मध्येच नागा प्रतिनिधींनी सायमन कमिशनला निवेदन देऊन आम्हाला आमच्यावर सोडा, असं सांगितलं होतं. 14 ऑगस्ट 1947 ला नागा नॅशनल कौन्सिल या नागांच्या राजकीय संघटनेने स्वातंत्र्य जाहीर केलं, 1951 मध्ये स्वतःचं सार्वमत घेतलं आणि 1952 च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. अंगामी असलेले फिझो या चळवळीचे नेते होते. वेगवेगळ्या बोली बोलणाऱ्या जमातींना जोडण्यात बॅप्टिस्ट चर्चचाही मोठा वाटा होता.

अर्थात, सगळं संस्कृतीच्या माथी मारणं चूक. ब्रिटिशांनी हा भाग मुद्दाम वेगळा ठेवला होता, आणि 1950 च्या दशकातल्या लष्करी कारवाईत लोकांनी जे सोसलं त्याने विरोध अधिक कडवा झाला. ते विसरून चालणार नाही.

1963 मध्ये नागालँड राज्य झालं. कलम 371अ नुसार नागांच्या रूढी, रूढीगत कायदा आणि जमिनीच्या मालकीबाबत संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेच्या ठरावाशिवाय लागू होत नाही.