नाव सोडा, जमीन धरा

प्रश्न : माझी सून अमेरिकन आहे. तिच्या आईकडचे एक पूर्वज, आडनाव जॉन्सन, १८७०नंतर कधीतरी स्वीडनहून येऊन नेब्रास्कात शेतकरी झाले आणि सरकारने त्यांना १६० एकर जमीन फुकट दिली, एवढंच तिच्या घरी सांगतात. नातवाला वंशावळ करायची आहे. संगणकावर नाव टाकलं की जॉन जॉन्सनांची रांगच लागते. त्यातले आमचे कोणते, हे कसं ओळखायचं?
– एक आजी, सोलापूर

उत्तर : ताई, नाव सोडा आणि जमीन धरा. माझी हयात भूमी अभिलेख खात्यात गेली, त्यामुळे हा माझा पूर्वग्रह समजा हवं तर. पण माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं सापडतं, जमिनीची हद्द मात्र जागची हलत नाही.

‘फुकट’ हे अर्धंच खरं. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत, त्या साधारण १८ डॉलर फी भरून. शिवाय पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, आणि मग दोन साक्षीदार उभे करून ते सिद्ध करायचं. त्यानंतर हातात मालकीची सनद पडे. या जुन्या सनदा अमेरिकन सरकारच्या जमीन खात्याच्या, ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’च्या, संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य पाहता येतात. राज्य, आडनाव आणि काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) टाका. काउंटी माहीत नसेल तर सूनबाईंना विचारा, म्हाताऱ्याची कबर कुठे आहे? बहुधा काउंटीही तीच निघेल.

सनदेवर टाउनशिप, रेंज आणि सेक्शन लिहिलेला असतो. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, अशा टाउनशिपांचा उभा पट्टा म्हणजे रेंज, आणि एका टाउनशिपचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. तुमच्या जॉन्सनांचा त्यातला पाव. हे आकडे जसेच्या तसे उतरवून घ्या, कारण खरा ऐवज पुढे आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागारात, त्या जमिनीची मूळ फाइल असते आणि या आकड्यांवरून फी भरून तिची प्रत मागवता येते.

त्या फाइलीत माणूस भेटतो. जमीन पक्की करताना त्याचा आणि साक्षीदारांचा जबाब घेत : घर कधी बांधलं, किती फुटांचं, विहीर आहे का, किती एकर नांगराखाली आली, घरात बायको-मुलं किती, मधे कुठे बाहेर राहिलात का. परदेशात जन्मलेल्यांच्या फाइलीत नागरिकत्वाचे कागदही लावलेले असतात. आणि साक्षीदार कोण, तर बहुधा शेजारी, पुष्कळदा त्याच देशाहून आलेले, कधी मेहुणा किंवा सख्खा भाऊ. दहा जॉन्सनांतला आपला कोणता, हे शेजारीच सांगून जातात.

सनद सापडली नाही तर खचू नका. नेब्रास्कात बऱ्याच भागात विषम क्रमांकाचे सेक्शन रेल्वे कंपन्यांना दिलेले होते आणि कित्येकांनी जमीन त्यांच्याकडून पैसे मोजून घेतली. मग तो व्यवहार काउंटीच्या खरेदीखतांत पाहायचा. शिवाय अनेकांना पाच वर्षं निभावलीच नाहीत. दुष्काळ, टोळधाड, कर्ज. सोडून दिलेल्या अर्जांच्या फाइलीही आर्काइव्ह्जमध्ये आहेत, फक्त सनदांच्या संकेतस्थळावर त्या दिसत नाहीत.

जनगणनेचे कागद जोडीला घ्या. १८८०च्या गणनेत घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलंय. १८९०ची जवळजवळ सगळी १९२१च्या आगीपायी गेली, पण नेब्रास्कात १८८५ला वेगळी गणना झाली होती, तिने मधली पोकळी बरीच भरते. १९००च्या गणनेत जन्माचा महिना आणि अमेरिकेत आल्याचं सालही मिळतं.

स्वीडनकडे मात्र शेवटी वळा. तिथे खेड्यापाड्यांत तेव्हा मुलाला बापाच्या नावावरून आडनाव लागे, त्यामुळे योहानचा मुलगा योहानसन आणि मुलगी योहान्सडॉटर. सख्ख्या भावंडांचं आडनाव वेगळं. तिथे नुसत्या आडनावाने काही हाती लागत नाही, जन्मतारीख आणि चर्चचा परगणा हवा. तो नेब्रास्कातल्या स्वीडिश लुथरन चर्चच्या सभासदवहीत बरेचदा लिहिलेला असतो. इलिनॉयमधल्या ऑगस्टाना कॉलेजच्या स्वेन्सन सेंटरकडे अशा चर्चवह्यांच्या मायक्रोफिल्म आहेत. परगणा कळला की स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर तिथल्या चर्चची पुस्तकं विनामूल्य चाळता येतात.

एक गोष्ट नातवाला जरूर सांगा. ती जमीन ओसाड पडलेली नव्हती. तिथे पॉनी, ओमाहा, ओटो अशा मूळ जमातींचे लोक राहत होते, आणि जॉन्सन मंडळी नांगर धरत होती त्याच दशकात पॉनींना नेब्रास्का सोडून दक्षिणेला जावं लागलं. वंशावळीच्या तक्त्यात याला चौकट नसते, पण शेजारी एक ओळ लिहायला जागा होईल.

तेव्हा आधी जॉन्सनांच्या नावाची सनद निघते का, ते पाहा. निघाली तर आर्काइव्ह्जला लिहा; नाही निघाली आणि जमीन विषम सेक्शनात असेल, तर आधी काउंटीला.